ट्रिनिटी संडे आणि बोटीवरचा बाप

पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा शिष्यांवर उतरल्याचा सण, त्यानंतरचा रविवार म्हणजे ट्रिनिटी संडे. ट्रिनिटी म्हणजे देव एकच, पण पिता, पुत्र (येशू) आणि पवित्र आत्मा असे तिघं, ही आमची ख्रिस्ती शिकवण. गोव्यात तो बहुधा पावसाच्या तोंडावर येतो. फादर उभे राहतात, खाकरतात, 'आजचा विषय जरा अवघड आहे' म्हणतात, एक गोष्ट सांगतात आणि 'हे गूढ आहे, आपल्या बुद्धीपलीकडचं आहे' यावर आवरतं घेतात. गोष्ट बहुतेकदा संत ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडिताचीच असते. समुद्रकाठी एक पोर शिंपल्याने वाळूतल्या खड्ड्यात समुद्र भरतंय, आणि ट्रिनिटीचा विचार करत फिरणाऱ्या ऑगस्टीनला ते सांगतं की माझं काम तुझ्यापेक्षा सोपं आहे. गोष्ट गोड आहे, पण ऑगस्टीनच्या स्वतःच्या लिखाणात ती नाही. त्याच्यानंतर कित्येक शतकांनी ती त्याला चिकटली. त्याने तर या विषयावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला. बुद्धीपलीकडचं म्हणून हात झटकणारा माणूस पंधरा भाग लिहीत बसत नाही.

मी मूळची वसईची. लग्न होऊन दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत आले. नवरा तारवटी, म्हणजे बोटीवर कामाला, वर्षातला बराच काळ समुद्रात. घरात सासूबाईंची कोकणी, माझी मराठी आणि मुलाचं दोन्हीतलं काहीतरी. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटली की चर्चमागच्या हॉलमध्ये मी दोतोर्न घेते, म्हणजे वसईत आम्ही ज्याला धर्मशिक्षणाचा वर्ग म्हणायचो तो. पाचवी-सहावीची पोरं. ट्रिनिटी शिकवायची पाळी दरवर्षी येते, आणि दरवर्षी कुणीतरी आधीच त्यांना पाणी-बर्फ-वाफ शिकवून ठेवलेलं असतं.

पाणी-बर्फ-वाफ ऐकताक्षणी पटतं, आणि तिथेच घोटाळा होतो. एकच पाणी कधी बर्फ, कधी वाफ; तसा एकच देव कधी बापाच्या रूपात, कधी पुत्राच्या, कधी आत्म्याच्या. तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियसच्या नावाने ओळखली जाणारी शिकवण साधारण हीच, आणि चर्चने ती तेव्हाच नाकारली. का, ते मुलांनाही कळतं. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथसेमनी बागेत येशू गुडघे टेकून 'अब्बा, बापा, हा प्याला माझ्यापासून दूर कर' म्हणतो, तेव्हा तो कुणाशी बोलतोय? पाणी-बर्फवाल्यांच्या हिशेबाने स्वतःशीच. मग ती सगळी रात्र नाटक ठरते, आपल्याला दाखवण्यापुरती. 'पण तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' हे तो कुणाला म्हणाला मग? मला असा एकपात्री प्रयोग करणारा देव नको. जग नव्हतं, आपण नव्हतो, तेव्हाही ज्याच्यात कुणीतरी कुणावर तरी प्रेम करत होतं, असा देव मला हवा. अशा देवाने मला घडवलं ते त्याला करमत नव्हतं म्हणून नाही, एवढी तरी खात्री राहते.

आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे बाप बोटीवर नाहीतर गल्फमध्ये. एकदा मी 'स्वर्गातल्या आमच्या बापा' समजावून सांगत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'टीचर, देवबाप बोटीर आसा?' वर्ग फिदीफिदी हसला. विचारणारा मात्र हसत नव्हता. त्याच्या लेखी बाप म्हणजे पैसे पाठवणारा, व्हिडिओ कॉलवर 'अभ्यास केला का' विचारणारा. माझ्या मुलाचा दात पडला तेव्हा त्याने फोन तोंडाशी नेऊन ती फट बापाला दाखवली. नेमकं नेटवर्क गेलं. स्क्रीनवर बाप अर्धवट हसत थिजलेला, आणि पोरगं तोंड उघडं ठेवून तसंच उभं, हिरडी दाखवत, 'दिसली? दिसली?' विचारत. सुट्टीवर आला की हाच बाप पहिले काही दिवस घरात पाहुण्यासारखा वावरतो आणि साखरेचा डबा कुठे ते मला विचारतो.

आपल्यातल्या पुष्कळ मोठ्या माणसांचाही देव असाच बोटीवर असतो. आहे, चांगला आहे, वेळच्या वेळी पाठवतो. पण इकडचं आपलं आपल्याला बघायचं, आणि सणासुदीला किंवा अडलं-नडलं तर फोन लावायचा. कार्ल राहनर या जर्मन येशूसंघीय पंडिताने गेल्या शतकात लिहून ठेवलंय की ट्रिनिटीची शिकवण उद्या खोटी म्हणून वगळावी लागली, तरी बहुतेक धार्मिक पुस्तकं जवळजवळ होती तशीच राहतील. टोचून बोलणं आहे, पण खरं आहे. प्रवचनांचंही तसंच, आणि आपल्या रोजच्या प्रार्थनांचंही. आपण तोंडाने बाप-पुत्र-पवित्र आत्मा म्हणतो आणि मनात एकच कुणीतरी वर बसलेला असतो.

या दूरच्या देवाला चौथ्या शतकात एक हुशार वकीलही मिळाला होता. आरियस, अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू. त्याचं म्हणणं असं की बाप तेवढा खरा देव. पुत्र ही बापाची सगळ्यात थोर निर्मिती, पण निर्मितीच. पुत्र नव्हता अशीही एक स्थिती होती. आपली मतं पसरवायला त्याने खलाशांसाठी, दळण दळणाऱ्यांसाठी, वाटसरूंसाठी गाणी रचली, असं फिलोस्टोर्जियस हा जुना इतिहासकार सांगतो. ते वाचून मला आधी हसू आलं: म्हणजे तारवट्यांच्या तोंडी तेव्हाही धर्मशास्त्र होतं! ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेआ इथे बिशपांची सभा भरवली. पुत्र निर्माण केलेला नाही, तो पित्याशी एकतत्त्व आहे, असं तिथे ठरलं. पवित्र आत्म्याविषयीचा मजकूर ३८१ साली कॉन्स्टॅंटिनोपलच्या सभेनंतर नीट भरला गेला. रविवारी आपण उभं राहून एका दमात म्हणून टाकतो ते क्रीड, म्हणजे श्रद्धेचं जाहीर कथन, या भांडणातून आलेलं आहे. २०२५ साली निकेआला १७०० वर्षं झाली.

एवढा आटापिटा कशाला, असं मला कॉलेजात असताना वाटायचं. तारवट्याच्या घरात आल्यावर वाटेनासं झालं. आरियस खरा असेल तर देव स्वतः आलाच नाही, त्याने माणूस पाठवला. आता माणूस पाठवणं वेगळं आणि स्वतः येणं वेगळं, हे बोटीवाल्याच्या बायकोला कुणी समजावायला नको. नवऱ्याच्या बोटीवरचा एखादा मित्र सुट्टीवर येतो, दारात उभा राहून चॉकलेटांची पिशवी आणि सेंटची बाटली देतो, 'तो मजेत आहे' म्हणतो आणि जातो. माणूस भला. पण तो गेल्यावर घर होतं तसंच राहतं. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य फिलिप म्हणतो, आम्हाला पिता दाखव म्हणजे झालं. त्यावर येशू म्हणतो, ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. निरोप्या असं बोलू शकत नाही. मागच्या बाकावरच्या त्या पोराला मी हेच सांगितलं: देवबाप बोटीवर नाही बाबा, तो पुत्रातून घरी आलाय, आणि आत्म्यातून घरातच राहिलाय. त्याला किती कळलं, देव जाणे. 'कायमचो?' एवढं मात्र त्याने विचारून घेतलं.

शेजारच्या काकू साखळीच्या. दत्तजयंतीला माहेरच्या देवळात जाऊन आल्या की प्रसाद आमच्याकडे येतो, आणि नाताळात आमची नेवरी आणि बेबिंक त्यांच्याकडे जातं. काकू भजनी मंडळातल्या, अभंग पाठ, वाचन दांडगं. एकदा प्रसाद देताना म्हणाल्या, 'वहिनी, तुमचं ते तिघांचं म्हणजे आमचा दत्तच की गो.' मी म्हटलं, तीन आणि एक एवढ्यापुरतं सारखं वाटतं खरं. पण ब्रह्मदेव निर्माण करतो, विष्णू सांभाळतो, महेश संहार करतो, अशी तिथे कामं वाटलेली. आमच्यात कामांची वाटणी नाही. देव जे करतो ते तिघं मिळून करतात. मग वेगळेपण कशात? फक्त नात्यात. पिता हा पिता आहे तो पुत्रामुळे. पुत्र पुत्र आहे तो पित्यापासून आहे म्हणून. आत्मा त्यांच्यापासून निघतो म्हणून आत्मा. बाकी सगळं सारखं, सामर्थ्य एक, इच्छा एक.

काकूंनी क्षणभर विचार केला. 'म्हणजे नातं काढून घेतलं तर कुणी वेगळा उरतच नाही?'

'नाही उरत.'

'मग आम्हा बायकांचं तसंच झालं. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, ह्याची आई. ते काढलं तर आम्ही कोण?'

मला पटकन उत्तर सुचेना. धर्मशास्त्राच्या पुस्तकांत मला हा प्रश्न कुठे भेटला नव्हता. रात्री भांडी घासताना सुचलं ते दुसऱ्या दिवशी कुंपणावरून सांगितलं: तिथे नात्यामुळे कुणी खाली जात नाही. पुत्र पित्याचं ऐकतो, पण म्हणून पित्यापेक्षा कणभरही कमी ठरत नाही. निकेआत भांडले ते नेमकं यावरच. काकू म्हणाल्या, 'हे तुमच्या चर्चमधल्या पुरुषांना ठाऊक आहे?' मी हसले आणि विषय बदलला, पण मुद्दा बिनतोड होता. देवातलं नातं असं असेल आणि त्या देवाच्या नावाने आमचा बाप्तिस्मा झाला असेल, तर घरात 'मी सांगतो म्हणून' चालवणाऱ्याला ख्रिस्ती आधार मिळायला नको. मिळतो, ही गोष्ट वेगळी.

आपल्या मराठीत या शिकवणीशी सगळ्यात चिवटपणे झगडली ती पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे तिने मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना तिचा वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन आणि कॉलेजच्या मुख्याध्यापिका मिस बील यांच्याशी ट्रिनिटीवरून आणि ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावरून पत्रव्यवहार झाला. एकाच देवाला मानते, बायबल स्वतः वाचते, चर्चमधले वडीलधारे सांगतात म्हणून मान डोलावणार नाही, असा तिचा पवित्रा. अवघ्या पंचविशी-सत्ताविशीतली विधवा बाई, परक्या देशात, ज्यांच्या आसऱ्याला राहते त्यांच्याशीच असं बोलते! सिस्टरना किती जड गेलं असेल ते पत्रांतून जाणवतं. मला मात्र रमाबाईच्या या वादात ट्रिनिटी संडेच्या कित्येक प्रवचनांहून जास्त श्रद्धा दिसते. जिला फरक पडत नाही ती वाद घालत नाही. खूप वर्षांनी, १९०७ साली, तिने मागे वळून लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडायचा राहिला होता. तोवर तिच्या केडगावच्या मुक्ती आश्रमात, १९०५ मध्ये, मुली तासन्‌तास रडत, ओरडत प्रार्थना करू लागल्या होत्या आणि त्या पवित्र आत्म्याच्या जागृतीची बातमी जगभर गेली होती. पत्रांतून न सुटलेलं कोडं तिच्या आयुष्यात प्रार्थनेच्या वाटेने गेलं.

प्रार्थनेची वाट म्हणते ती कशी, ते मिस्सेत रोज दिसतं, फक्त कान द्यायला हवा. फादर मोठ्याने म्हणतात ती प्रार्थना जवळजवळ नेहमी पित्याला उद्देशून असते, तुझ्या पुत्राच्या द्वारे, पवित्र आत्म्याच्या ऐक्यात. देव एका बाजूला आणि आपण दुसऱ्या, असं त्या वाक्यात कुठेच नाही. पुत्र पित्याशी बोलतोय, आत्मा त्या बोलण्याचा श्वास आहे, आणि आपल्याला त्या बोलण्यात आत घेतलंय. आपली प्रार्थना आपण सुरू करत नाही. ती चालूच असते, आपण मध्येच जाऊन बसतो.

मे महिन्यात वाड्यावाड्यावरच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादिन होते, म्हणजे मारियेची नावं घेत गायची लॅटिन प्रार्थना. खुरीस नव्याने रंगवलेला, त्याला झेंडूची माळ, वर पताका, बाजूच्या घरातून वायर ओढून लावलेली ट्यूब. व्हायोलिनवाले मेस्त सूर लावतात आणि म्हातारी माणसं लॅटिनमध्ये उत्तरं देतात. नंतर उकडलेले चणे, खोबऱ्याचे तुकडे, मोठ्यांना फेणी; तरुणांचं अर्धं लक्ष तिकडेच. पण लादिनीच्या सुरुवातीला, मारियेची नावं सुरू होण्याआधी, चार ओळी येतात: स्वर्गातला पिता देव, जगाचा तारणारा पुत्र देव, पवित्र आत्मा देव, आणि चौथी 'सांक्ता त्रिनितास, ऊनुस देउस'. दर ओळीला 'मिजेरेरे नोबिस', आमच्यावर दया कर. सासूबाईंना अर्थ विचारला तर 'तुका खबर, तूं टीचर' म्हणतील. पण त्या चौथ्या ओळीला त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो. याच सासष्टीत, रायतूरला, १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्सचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं. त्याच्या पहिल्याच ओवीत 'देवा बापा' अशी हाक आहे. मी सासरी आले तेव्हा इथे मराठीत प्रार्थना करणारी मी एकटीच, असं वाटायचं. आता वाटत नाही.

पवित्र आत्म्याचं मला बरीच वर्षं काही कळत नव्हतं. पिता समजतो, पुत्र समजतो, आत्मा म्हणजे चित्रातलं कबुतर. मग वसईला पप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. माझ्याकडे बघून ते ओठ हलवायचे, नाव येत नव्हतं, मग डोळे भरायचे. मी रात्री हॉस्पिटलच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर रोझरी हातात धरून बसायचे आणि एक मणीही पुढे सरकायचा नाही. काय मागू? बरे होऊ देत म्हणू, की सोडव म्हणू? काहीही मागितलं तरी खोटं वाटायचं.

घरी आणल्यावर एका संध्याकाळी आई त्यांच्या खाटेजवळ रोझरी म्हणत होती. वसईची ती चाल, नमो मारियेची, अर्धी एकाने म्हणायची आणि उरलेली बाकीच्यांनी. आमची पाळी आली आणि पप्पांचा आवाज आला. शब्द सगळे स्पष्ट नव्हते, पण चाल अचूक, आणि शेवटचं 'आमेन' तर खणखणीत. ज्याला बायकोचं नाव उच्चारता येत नव्हतं तो माणूस नमो मारिया म्हणत होता! स्पीच थेरपीच्या बाईंनी नंतर सांगितलं की असं होतं. पाठ झालेल्या प्रार्थना, गाणी, आकडे हे मेंदूत वेगळ्या वाटेने साठतात, वाचा गेली तरी ते पुष्कळदा शाबूत राहतात. मी त्याला चमत्कार म्हणत नाही. पण त्या रात्री बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढून वाचला. कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतःच शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनवतो. त्याच्या जरा आधी तोच पौल सांगतो की आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो ती याच आत्म्यामुळे. गेथसेमनीतली ती हाक येशूची होती. ती आता माझ्या तोंडात आहे, आणि तिथे ती मी ठेवलेली नाही. व्हरांड्यातल्या त्या खुर्चीवर मला वाटत होतं की आज प्रार्थना झाली नाही. आता तसं म्हणवत नाही. मणी सरकत नव्हते, एवढंच.

तेव्हापासून मला प्रार्थनेचा धाक उरलेला नाही. लक्ष लागलं नाही, शब्द चुकले, मध्येच कुकरची शिट्टी मोजली, तरी जे चाललंय ते माझ्या जिवावर चाललेलं नाही. हे आळशीपणाला निमित्त होऊ शकतं, हेही खरं. माझ्या बाबतीत कधी कधी होतंच.

मुलं शेवटी व्यवहाराचं विचारतात. टीचर, मग प्रार्थना नेमकी कुणाला करायची? एकाला केली तर बाकीचे दोघे रागावणार नाहीत? मी सांगते, ज्याचं नाव तोंडात येईल त्याला करा, तिथे घराघरांतल्यासारखं मानपानाचं काही नाही. प्रेषितांची कृत्ये काढा, सातवा अध्याय: अंगावर दगड पडत असताना पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन 'प्रभू येशू, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर' असं थेट येशूलाच म्हणतो. पेंटेकॉस्टला आपण पवित्र आत्म्याला 'ये' म्हणतोच. आणि येशूने स्वतः शिकवलेली प्रार्थना पित्याला आहे. मी एकटी असताना बहुतेक वेळा येशूशीच बोलते, सवय तशी पडली. सासूबाई सांत आंतोन, म्हणजे संत अंतोनीपासून सुरुवात करतात आणि पित्यापर्यंत पोचायला त्यांना थोडा वेळ लागतो, पण पोचतात.

पुढच्या रविवारसाठी मुलांना आपापल्या भाषेत एक छोटी प्रार्थना लिहून आणायला सांगितली आहे. कोकणी, मराठी, इंग्लिश, काहीही चालेल. अट एकच, तिघांपैकी कुणाशी बोलताय ते कळलं पाहिजे. मागच्या बाकावरच्याने विचारलंय की लिहायच्या ऐवजी व्हॉइस नोट पाठवली तर चालेल का. चालेल म्हटलंय.